वाडीतले भेदरे, बांधीतला टोमॅटो

टोमॅटोबद्दल महाराष्ट्रात जेवढं शहाणपण छापून येतं, त्यातलं बहुतेक नारायणगाव, जुन्नर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून येतं. तिथली जमीन वेगळी, पाऊस वेगळा, बाजार तर फारच वेगळा. गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी तिथली पुस्तिका हातात घेऊन शेतात उतरतो तेव्हा पायाखाली धानाचा चिखल असतो. बांधीला चारी बाजूंनी धुरे असतात, पाणी अडवण्यासाठी घातलेले. आणि टोमॅटोच्या मुळांना सगळ्यात जास्त वैर कशाचं असेल तर साचलेल्या पाण्याचं.

पुढच्या बोलण्यातली मावशी आणि भाचा ही दोन्ही माणसं मी जुळवलेली आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या आसपास, अशी घरं शोधावी लागत नाहीत. मावशीची घरामागे वाडी आहे. तिच्यात वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि भेदरे. घरात लागतं ते ठेवून बाकीचं आठवडी बाजारात. भाचा कृषी पदविका घेऊन आलेला. धान निघाल्यावर अर्ध्या एकराच्या बांधीत ठिबक टाकून तो टोमॅटो लावतो. भेदरे आणि टोमॅटो एकच, हे बाहेरच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. जानेवारीचा शेवट आहे. मावशीच्या टोपलीत लाल फळं आहेत आणि भाच्याच्या बांधीत नुसतं रान.

भाचा : झाड बघ मावशी, कमरेच्या वर गेलं. पान कसं काळंभोर हिरवं. फुलांचे घोस लागलेत. पण सकाळी जाऊन बघावं तर खाली पिवळा सडा. फळ म्हणशील तर झाडाला दोन-चार.

मावशी : लावले कवा होते?

भाचा : धान कापून, चुरून, बांधी वखरून. म्हणजे नोव्हेंबरचा शेवटच आला.

मावशी : मंग आनखी का होईल? फुलं आले पुसात. पुसाच्या थंडीत भेदऱ्याचं फूल धरते का? माह्या वाडीत कोजागिरीच्या आंधी रोपं लागले. दिवाळी झाली, फुलं आले. पूस लागेपर्यंत फळं बोराएवढे झाले होते. आता तोडून राहिली मी.

भाचा : थंडीचं एवढं काही नसतं. कृषी केंद्रवाला म्हणाला, सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडलीत. दोन टॉनिकं दिली त्याने. पहिल्या फवाऱ्याने काही झालं नाही, दुसऱ्यानंतर आठवड्याभरात फळ धरायला लागलं. डोळ्यांनी बघितलं मी.

मावशी : आठवड्याभरात थंडी बी उतरली बाबू. ते नाई पाह्यलं डोळ्यांनी?

इथे मावशीच्या पारड्यात माझं वजन आधीच टाकतो. टोमॅटोचं फूल धरण्याचा निकाल बऱ्याच अंशी रात्री लागतो. रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंशांच्या मध्ये असेल तर पराग चांगला तयार होतो. बारा-तेरा अंशांच्या खाली गेलं की तो निकामी निघू लागतो. उलट बाजूला, रात्र बावीसच्या वर राहिली आणि दिवस पस्तिशीच्या पुढे गेला तरी तोच परिणाम. विदर्भातल्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचं नाव वरचेवर सगळ्यात वर असतं. पारा दहाच्या खाली येणं इथे नवलाचं नाही. आणि मार्चच्या मध्यापासून ऊन असं चढतं की मे महिन्यात पंचेचाळीसचा आकडा ओलांडतो. म्हणजे फळ धरायला निर्धास्त असे दिवस उरतात नोव्हेंबर ते डिसेंबरचा पूर्वार्ध, आणि पुन्हा फेब्रुवारी. बस.

टॉनिकला यश का मिळतं, त्याचंही उत्तर यातच आहे. परागकण फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळीच्या आत घडत असतात. नेमके तेव्हाच ते थंडी-उन्हाला सगळ्यात नाजूक. आज जमिनीवर पडलेलं फूल गेल्या आठवड्यातल्या एखाद्या रात्रीने मारलेलं असतं. शेतकरी फुलगळ पाहून धावत जातो, फवारा मारतो. तोवर थंडीची लाट ओसरलेली असते, नव्या कळ्या धड निघतात आणि फळ धरतं. बाटलीचं नाव होतं. जस्त, बोरॉन यांची उणीव खरोखर असते तिथे फवारणीचा उपयोग आहे, नाही असं नाही. पण ते माती तपासून कळतं, दुकानाच्या काउंटरवर कळत नाही.

मावशी : आनं युरिया किती देल्ला?

भाचा : शिफारशीप्रमाणेच. संकरित वाणाला हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० स्फुरद, १५० पालाश.

मावशी : मले हेक्टर नको सांगू. तुह्या अर्ध्या एकरात थैल्या किती गेल्या?

भाच्याने उत्तर द्यायला वेळ लावला. अर्धा एकर म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा. त्यात ६० किलो नत्र बसतं. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे सगळं नत्र युरियातूनच द्यायचं ठरवलं तरी १३० किलोंच्या आसपास, पंचेचाळीस किलोंच्या तीन गोण्यांहून कमी. त्यातही अर्धं लागवडीच्या वेळी आणि उरलेलं हप्त्याहप्त्याने. भाच्याने डीएपी दिलं होतं, त्यातलं नत्र धरलंच नाही. वर पानं फिकट दिसली म्हणून दोनदा मूठमूठ आणखी टाकलं. धानाच्या रोवणीनंतर टाकतात तसं. धान त्या नत्राची लोंबी करतो. टोमॅटो त्याची पानं करतो.

मावशी : झाड माजलं. माजलेलं झाड फळाचं नाव घेत नाई.

भाचा : ते मान्य. पण तुझ्या वाडीत तू शेणखत किती घालतेस, मोजतेस का कधी?

मावशी : शेणखत कोनी मोजते का?

दोघांच्या बोलण्यात भुंग्याचा विषय अचानक आला, तोही मावशीने त्याला हाकललं म्हणून. वाडीच्या कुंपणाच्या वाळक्या बांबूत काळे भुंगे राहतात. बांबू पोखरतात म्हणून मावशीचा त्यांच्यावर राग.

भाचा : मारू नको त्याला. तुझे भेदरे त्याच्यामुळे धरतात.

मावशी : मधमाशा हायत ना, किती तरी.

भाचा : मधमाशी टोमॅटोच्या फुलाला फारसं विचारत नाही. त्यात मध नसतोच. परागही पुंकेसरांच्या बंद नळीत असतो. ती नळी हलली तरच तो खाली झडतो. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, आवाज येतो बघ, तेव्हा पराग सुटतो. वाऱ्यानेही होतं थोडं. मी तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तारेला काठीने ठोकत जातो.

मावशी : म्हनून त्या दिवशी शेजारचा पुसत होता, तुह्या भाच्याले का झालं म्हनून.

यात भाच्याचं बरंचसं बरोबर आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला दुसऱ्या झाडाची गरज नसते, गरज असते ती हलण्याची. उघड्या शेतात वारा बहुतेक काम करतो. जाळीच्या आत, भिंतीच्या आडोशाला किंवा गोंदिया शहरातल्या गच्चीवरच्या कुंडीत मात्र बोटाने टिचकी मारावी लागते. सकाळी दव उडून गेल्यावर आणि ऊन तापायच्या आधी, कारण दमट हवेत पराग चिकटून बसतो आणि फार कोरड्या हवेत वाळतो.

भुंगा सोडला तर इथपर्यंत मावशीची सरशी होती. पण तिच्या वाडीत एक गोष्ट आहे जी ती बाजारात कोणाला सांगत नाही. दरवर्षी लावलेल्या झाडांतली बरीचशी फळायच्या आधीच मरतात. सकाळी ठणठणीत दिसणारं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी जरा सावरतं, दोन-तीन दिवसांत जागच्या जागी वाळतं. पानं पिवळीही पडत नाहीत, हिरवीच्या हिरवी लोंबतात.

मावशी : ते नजर लागते. वाडी रस्त्यावर हाय.

भाचा : दिवाळीला आठवतं का? मेलेल्या झाडाचा खोडाचा तुकडा कापून पाण्याच्या गिलासात धरला होता मी.

मावशी : आठवते. माह्या चांगल्या गिलासाचा सत्यानाश केला.

भाचा : आणि खोडातून दुधासारखा धागा पाण्यात उतरला. उतरला की नाही? तो जीवाणू आहे. मर रोग. तुझ्या वाडीच्या मातीत मुक्कामाला आहे. वांगी, मिरची, भेदरे, सगळी एकाच घराण्यातली, सगळी त्याचं खाद्य. आणि तू गेली कित्येक वर्षं त्याच जागेत तीच पिकं फिरवतेस. वर मेलेलं झाड उपटून टाकतेस कुठे?

मावशी : खातकुड्यात. आनखी कुठं टाकू?

भाचा : आणि तेच खत पुढच्या वर्षी त्याच वाडीत.

हा जीवाणू, राल्स्टोनिया सोलॅनेसिएरम, उष्ण, दमट आणि किंचित आम्लधर्मी जमिनीत सुखाने राहतो. म्हणजे पूर्व विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा, कोकण. घाटावरच्या पुस्तिकांत त्याला फारशी जागा मिळत नाही. आमच्याकडे मात्र घरामागच्या वाड्या त्याच्यामुळे ओस पडल्या. त्यावर फवारायचं औषध नाही. बुरशीनाशकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, कारण ती बुरशीच नव्हे. वाहत्या पाण्याबरोबर तो पसरतो, फावड्याला लागलेल्या मातीबरोबर पसरतो, बगलफूट कापताना एका झाडाची सुरी दुसऱ्याला लावली तरी पसरतो.

भाचा : आता माझ्या बांधीत ये. एक झाड मरलेलं दाखव.

मावशी : फळ तरी कुठं हाय?

भाचा : फळाचं नंतर बघू. पण मरलेलं नाही. का? चार महिने बांधीत पाणी उभं होतं. धानाच्या साचलेल्या पाण्यात मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी तगत नाहीत आणि मर रोगाचा जोरही उतरतो. धान हेच माझं औषध.

हा मुद्दा माझ्या मते या सगळ्या वादाचा कणा आहे आणि गोंदियात तो फारसा कोणी बोलत नाही. वाडी वेळेवर मोकळी असते, पण आजारी. बांधी निरोगी असते, पण उशिरा मोकळी होते. मावशी काळ सांभाळते आणि माती गमावते. भाच्याची माती स्वच्छ राहते, पण फुलं पुसाच्या थंडीत सापडतात. दोघंही एकमेकांना जे सांगतात ते खरं आहे. आपापल्या जागी उभं राहून दुसऱ्याची जागा दिसत नाही, एवढीच अडचण.

वाडीसाठी भाच्याकडे एक तोडगा आहे.

भाचा : रायपूरकडे वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम केलेली रोपं मिळतात. खाली वांगं, वर टोमॅटो. खुंटाचं वांगं मर रोगाला दाद देत नाही, पाणी तुंबलं तरी चार दिवस सोसतं.

मावशी : खाली वांगं? मंग वांगे लागले तं?

भाचा : खालून फूट आली तर काढायची. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने ही रीत बसवली. तिथेही आपल्यासारखाच भात आणि आपल्यासारखाच पाऊस.

मावशी : एका रोपाचे पैसे किती?

भाचा : साध्या रोपाच्या कितीतरी पट. पण मेलेल्या झाडांचे पैसे तू धरत नाहीस.

मावशी : बियाचे पैसेच लागत नाईत मले. पिकलेला भेदरा राखेत चोळते, झालं बी.

मावशीला कलमाचं रोप देऊन तिच्या सवयीप्रमाणे लावू दिलं तर सगळे पैसे पाण्यात जातील, हे भाच्याला ठाऊक आहे. ती रोप आडवं करून अर्धं खोड मातीत गाडते. साध्या टोमॅटोला ते उत्तमच, कारण गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड भक्कम होतं. पण कलमाचा जोड मातीत गेला की वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात, ती थेट रोगट मातीत शिरतात आणि खालचं वांगं नावापुरतं उरतं. जोड मातीच्या चार बोटं वर राहिला पाहिजे. ज्यांना एवढी रोपं विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक हे संकरित वाण आहे. ते मर, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतं. मात्र संकरित असल्याने राखेत चोळून पुढच्या वर्षी तेच झाड येणार नाही. मावशीला हे पटणं कठीण.

पाण्यावर दोघांचं कधी जमलं नाही. मावशी आठवड्यातून एकदा पाट भरून सोडते. फळांची बुडं काळी पडतात तेव्हा ती मुळाशी चुना टाकते. चुन्यात कॅल्शियम असतं आणि तो डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्यानेच पडतो, इतपत तिचा अंदाज अचूक. आम्लधर्मी सिहार जमिनीला चुना हळूहळू मानवतोही. पण मातीत कॅल्शियम असून ते फळापर्यंत जात नाही, कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि पाणी कधी पूर, कधी दुष्काळ. रोज थोडं पाणी मिळालं की डाग थांबतात, फळ तडकणंही थांबतं. भाच्याचं ठिबक इथे बिनतोड. पण त्याच्याही बांधीला एक शेजार आहे. इटियाडोह धरणाचं पाणी उन्हाळी धानासाठी सुटतं आणि शेजारच्या बांधीत ते उभं राहिलं की धुऱ्याखालून झिरपून टोमॅटोच्या मुळांत येतं. ठिबक बंद करून काय उपयोग?

भाचा : पुढच्या वर्षी हातभर उंच वरंबे करतो आणि धुऱ्याच्या कडेने नाली काढतो. वर प्लॅस्टिकचं आच्छादन.

मावशी : प्लॅस्टिक कायले? तनस काय कमी हाय?

भाचा : तणसाला उधई लागते.

मावशी : लागते. मंग प्लॅस्टिक ढोरं खातात तवा का करतो?

तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मातीवर पसरलं तर ओल टिकते, पावसाचे शिंतोडे मातीतला करपा पानांवर उडवत नाहीत, उन्हात माती तापत नाही. मातीत गाडलं तर मात्र कुजताना नत्र ओढून घेतं, हे लक्षात ठेवावं. उधईचा, म्हणजे वाळवीचा, प्रश्न खरा आहे. खोडाभोवती ओंजळभर जागा मोकळी ठेवली तर तो कमी होतो, संपत नाही. आणि तणसावर बैलांचा पहिला हक्क, हे विसरून चालत नाही.

शेवटी वाद आला पैशावर. तिथे तो तसाही आलाच असता.

भाचा : मावशी, तुझे भेदरे जानेवारीत येतात. तेव्हा दुर्ग-धमध्याकडून गाड्या भरून टोमॅटो गोंदियात उतरतो. भाव काय मिळतो तुला? मला जून-जुलैला माल पाहिजे. शेडनेट टाकून एप्रिल-मेमध्ये फळ धरवतो.

मावशी : धरव. ऊन का तुह्या पदविकेले भेते?

भाच्याचा हिशेब कागदावर चुकीचा नाही. २०२३ च्या मे महिन्यात राज्यात टोमॅटो रस्त्यावर ओतला जात होता आणि जुलैत तोच किलोला शंभरी पार करून गेला. पण पावसाळ्याच्या तोंडाशी भाव चढतो त्यामागे हेच कारण मोठं असतं की एप्रिल-मेच्या उन्हात फूल धरत नाही. ज्या दिवसांत भाव मिळतो त्याच्या दीड-दोन महिने आधी फूल गळालेलं असतं. शेडनेट दिवसाचं ऊन अडवते. गोंदियाची मे महिन्यातली रात्र तिला थंड करता येत नाही. भाच्याला मी हेच सांगेन की तो पैसा शेडनेटमध्ये घालण्याऐवजी रोपवाटिकेच्या बारीक जाळीत घाल. पांढरी माशी रोपाला पहिल्या महिन्यात गाठते, पर्णगुच्छ तिथूनच सुरू होतो, आणि एकदा पान चुरगळलं की त्या झाडाला फळ मागू नये.

मावशी : मी सांगू? वरच्या बांधीत हलका धान लाव. दसऱ्याच्या आसपास कापून होते. रोपं तवर जाळीत तयार ठेव. कोजागिरीले लागवड.

भाचा : हलक्या धानाचा उतारा कमी. आणि धानाला आधारभूत केंद्र आहे, भाव ठरलेला. टोमॅटोला काय आहे? घरात आई भारी धान सोडू देईल का?

मावशी : तुह्या आईशी मी बोलते. माही बहीन हाय ते. सगळी बांधी नाई, वरचे दोनच बांधे.

भाचा : आणि सोळा ओळींमागे एक ओळ झेंडूची. फळ पोखरणारी अळी आधी झेंडूवर जाते.

मावशी : झेंडूचे फुलं मी इकीन.

भाचा : त्यात अळ्या असतील मावशी.

मावशी : निवडून इकीन. आनं ते रायपूरची रोपं आनशील तं पंचवीस माह्या वाडीत. पैसे बाजार झाल्यावर. खातकुडा तेवढा दुसरीकडे नेऊन दे, मह्यानं तो उपसल्या जात नाई आता.